दगडाबाईसाठी धरलेली जागा

शमशाद मनेरबद्दल गावात लोक वाट्टेल ते बोलतात. गेल्या मोठ्या पुरात दगडाबाई परटीण माळ्यावर बुडून गेली आणि ती शमशादच्या चुकीनं गेली, असं कागदावर लिहिलेलं आहे. तो कागद माझ्या हातचा आहे. म्हणून ही बाई कशी होती ते मीच सांगायला पाहिजे. दुसऱ्या कुणाला गरज नाही आणि मला तर आता झोप नाही.

मी देवदत्त, प्राथमिक शाळेतला मास्तर. म्हणजे नावाला मास्तर. जनगणना आम्ही करायची, मतदारयाद्या आम्ही घासायच्या, पूर आला की सतरंज्या आम्ही मोजायच्या. मधेच वेळ मिळाला तर बाराखडी. शहराचं नाव मुद्दाम घेत नाही. सांगलीहून बसनं तासाभरावर, कृष्णेच्या काठी, एवढं पुरे. माझी शाळा उंचावर आहे, आणि शाळेच्या उतारावरून खाली गेलं की नदीच्या आधी मनेर गल्ली लागते. तिथल्या निम्म्या पोरांचे कान मी पिरगाळलेत.

गल्लीत शमशादभाभीचा आवाज आधी यायचा आणि मागून ती. डोक्यावर बांगड्यांची पाटी. नवरा नियाज जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा नईम महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो, तो सणासुदीला यायचा. बाकी वर्षभर गल्ली हेच तिचं घर. कुणाच्या घरी कुकर नाही, भाभीचा जायचा. कुणाची बाळंतीण, भाभी जाऊन बसायची. आणि तोंड! बांगडी भरताना बाई हात आखडायला लागली की म्हणायची, "आगं बये, हात हाय का वरवंटा? सैल सोड की!" बाई हसेपर्यंत बांगडी आत गेलेली असायची.

दगडाबाईचं घर तिच्या समोर. गल्लीतल्या सगळ्यांची इस्त्री दगडाबाईकडं. सत्तरीची, एकटी, हाडाची काडी झालेली, पण कोळशाची ती अवजड इस्त्री एका हातानं उचलायची. दोघींचं सकाळी सातपासून सुरू. "दगडे, च्या झाला का?" "तू आन की, तुज्या हातास्नी काय मेंदी लागलीया?" आठवड्यातून एकदा कडाक्याचं भांडण, आणि दुपारी दोघी एकाच ताटात जेवताना दिसायच्या. मी शाळेच्या खिडकीतून बघायचो. खरं सांगतो, मला हेवा वाटायचा.

तीन वर्षांपूर्वी ते निळं कार्ड आलं. दवाखान्याचा केसपेपर, रेशन, सिटी बस, पाण्याचा टँकर, निराधार पेन्शनची महिन्याची हजेरी, सगळ्याला एकच कार्ड. सगळ्या शहरात कुठंही जा, मशीनला लावा, काम झालं. भाषणं झाली, फोटो निघाले. गल्लीत काय झालं? एकानं कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं, एकीनं गादीखाली, एकाचं शेळीनं चावलं. हजेरी लावायचं केंद्र दीड किलोमीटरवर. म्हातारी माणसं एवढी चालणार कशी? भाभी मात्र बांगड्या घेऊन रोज तिकडंच जायची. "आना इकडं सगळी," म्हणाली, आणि बांगड्यांच्या एका रिकाम्या डब्यात गल्लीतली तेवीसच्या तेवीस कार्डं गोळा केली.

तिला वाचता येत नव्हतं. म्हणून तिनं प्रत्येक कार्डावर टिकली चिकटवली. ज्याची त्याची वेगळी. चंद्रकोर, पान, खडे, नुसता ठिपका. दगडाबाईच्या कार्डावर सगळ्यात मोठी लाल. दगडाबाई कावली होती, "विदवा बाईच्या कार्डाला कुंकू व्हय गं?" भाभी म्हणाली, "तुजा न्हवरा गेलाय. कार्डाचा कुठं गेलाय?" गल्ली आठ दिवस हसत होती.

दर महिन्याला ती केंद्रावर जाऊन तेवीस वेळा कार्ड लावायची. नियम होता की माणूस समोर पाहिजे. तिथला क्लार्क मान खाली घालून बसायचा. मी एकदा तिथं होतो. मीच म्हणालो, "जाऊ द्या हो, भाभी म्हणजे अख्खी गल्लीच आहे." लई मोठं बोललो असं मला तेव्हा वाटलं होतं.

पुरासाठीही तेच कार्ड वापरायचं ठरलं. आम्हा मास्तरांना प्रशिक्षण दिलं. छावणीत माणूस आला की त्याचं कार्ड लावायचं. लावलं की तिकडं नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर त्याचं नाव हिरवं होतं. गल्लीतली सगळी नावं हिरवी झाली की बोट पुढच्या गल्लीत पाठवायची. "माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय कार्ड लावू नका," हे शिकवणाऱ्यानं दोनदा सांगितलं. मी मागच्या बाकावर बसून हजेरीपट पुरा करत होतो. पण ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्या साली महाबळेश्वरला सात दिवस पाऊस हटला नाही. वरच्या धरणातून पाणी सोडल्याचे भोंगे झाले आणि सकाळी गल्लीत पाणी शिरलं. दहाच्या सुमाराला गुंडाची बोट गेली. गुंडा म्हणजे आमच्याकडचा वाळूवाला, पुरात बोट तोच चालवतो. त्यानं तीन खेपांत गल्ली बाहेर काढली. शेवटच्या खेपेला भाभी चढली आणि दगडाबाई दारात उभी राहिली.

"चल की गं!"

"लोकांची कापडं हाईत. लगीनघरच्या चार साड्या हाईत. माळ्यावर टाकून येते. फुडच्या बोटीनं आलेच."

"लुगडी गेली खड्ड्यात. तू चल."

"शमशाद, लोकांचं हाय ते. तू हो फुडं. माजी जागा धरून ठिव."

हे संभाषण मला गुंडानं नंतर सांगितलं. भाभी त्याच्यावर ओरडत होती, थांब म्हणत होती. पण बोटीत लेकुरवाळ्या बाया होत्या आणि धार वाढत होती. गुंडा म्हणाला, "ह्यास्नी सोडून परत येतो." आणि बोट निघाली.

आता आमच्याकडं जागा धरणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. वडूजच्या स्टँडवर गाडी लागू दे. खिडकीतून रुमाल आत, टोपी आत, पिशवी आत. एकदा तर एकानं पायातली चप्पल टाकलेली मी पाहिलीय. वस्तू पडली की माणूस बसला. भांडणं होतात, शिव्या होतात, पण टाकलेला रुमाल कुणी उचलत नाही. आम्ही असेच वाढलो. माणूस मागून येतोय यावर आमचा ठाम विश्वास असतो.

भाभी शाळेत आली तेव्हा पदरातून पाणी गळत होतं आणि काखेत तो डबा होता. सतरंज्या संपत आल्या होत्या. एका कार्डाला एक सतरंजी, एक चादर, एक जेवण. माझ्यापुढं चाळीस माणसांची रांग, मशीन मधूनच बंद पडतंय, मागून पोरं रडतायत. भाभीनं डबा टेबलावर उघडला.

"गुरुजी, लावा सगळी. तेवीस हाईत."

"सगळे आले?"

"दगडी तेवडी मागच्या बोटीनं येतीया. तिची सतरंजी घिऊन ठिवते माज्या शेजारी. न्हाईतर म्हातारी फरशीवर झोपंल."

मी मान वर करून बाविसांची डोकीसुद्धा मोजली नाहीत. मशीन मीच हातात धरलं होतं. ती एकेक कार्ड काढायची आणि मी लावायचो. लाल टिकलीचं कार्ड मीच लावलं. बारा चाळीस झाले होते. नंतर ती वेळ किती जणांनी मला वाचून दाखवली, सांगता येणार नाही.

गुंडा परत गल्लीकडं निघाला होता. नियंत्रण कक्षातून त्याला फोन गेला की ती गल्ली पूर्ण झाली, आता खालच्या पेठेत जा. तो म्हणाला, "एक म्हातारी ऱ्हायलीया." तिकडून उत्तर आलं, "यादी पूर्ण आहे. दुसऱ्या बोटीनं आणली असेल." तीन बोटी फिरत होत्या, त्याला खरं वाटलं. खालच्या पेठेत छपरावर माणसं बसली होती. तो तिकडं गेला.

भाभीनं इयत्ता तिसरीच्या वर्गात भिंतीकडेला दोन सतरंज्या अंथरल्या. एकीवर स्वतः बसली, दुसरीवर ओली पिशवी ठेवली. कुणी बसायला गेलं की हात आडवा. "माणूस हाय तितं." चार वाजता खिचडी आली. तिनं दगडाबाईचं ताट वाढून दुसरं ताट वर पालथं घातलं. पाच वाजता ती माझ्याकडं आली.

"गुरुजी, दगडी आली न्हाई अजून."

"उर्दू शाळेतल्या छावणीत नेली असेल. तिकडंही बोटी जातायत."

"फोन लावून बगा की."

मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. कक्षात शिवतेज नावाचा ऑपरेटर होता, माझाच जुना विद्यार्थी. मी विचारलं, दगडाबाई कुठल्या छावणीत आहे? त्यानं बघून सांगितलं, "सर, तुमच्याकडंच की. दुपारी बारा चाळीसला तुमच्याच मशीनवर आल्यात. जरा वर्गांतून बघा."

या जागी मी एक वाक्य बोलायचं होतं. 'ती आलेली नाही, कार्ड मी माणूस न बघता लावलंय.' बस. एवढंच. माझ्या डोळ्यांपुढं काय आलं? नोटीस आली. निलंबन आलं. श्रद्धाचा, माझ्या बायकोचा चेहरा आला, घराचे हप्ते आले. आणि मनात असंही आलं, की म्हातारी असेल कुठंतरी, सकाळी सापडेल, कशाला उगाच बोभाटा. मी म्हणालो, "बरं बरं. बघतो." आणि फोन ठेवला.

भाभी दारात उभी होती. तिला म्हणालो, "चौकशी केलीय. येईल."

तिनं विश्वास ठेवला. गुरुजी म्हणालेत म्हटल्यावर गल्ली विश्वास ठेवायची. मी मूग गिळून दिवाबत्तीच्या कामाला लागलो.

रात्रीतून पाणी चार फूट चढलं. उजाडलं तेव्हा पालथं ताट तसंच होतं. भाभी कुणाला न विचारता उतारावरून खाली गेली आणि पाण्यात कमरेपर्यंत उतरून गुंडाला हाका मारायला लागली. गुंडानं या वेळी कुणाला फोन केला नाही. बोट सरळ गल्लीत घातली आणि कौलं काढून आत बघितलं. माळा पाण्याखाली होता. लोकांच्या कापडांचं गाठोडं दगडाबाईनं आढ्याला बांधलं होतं. ते कोरडं होतं.

कवठे महांकाळहून दगडाबाईचा पुतण्या धनाजी आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की शेजारणीनं कार्ड लावलं म्हणून बोट गेली नाही. अग्नी द्यायच्या वेळी भाभी जवळ यायला लागली तर तो ओरडला, "तू लांबच ऱ्हा!" मी आयुष्यात पहिल्यांदा तिला उत्तर न देताना पाहिलं. मागं सरकून ती वरच्या रस्त्याकडेला चिखलात बसून राहिली. बाहेरचे दोघंतिघं तिच्या धर्माचं नाव काढून काहीबाही बोलायला लागले, तेव्हा त्यांना मात्र धनाजीनंच हाकलून दिलं. "आमच्या घरचं हाय, तुमी निगा," म्हणाला.

पाच दिवसांनी चौकशी लागली. माझ्याच शाळेत, माझ्याच टेबलावर. चौकशीला आलेल्या साहेबांनी लेखी म्हणणं मागितलं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मी पिण्याच्या पाण्याच्या वाटपात असताना श्रीमती शमशाद नियाज मनेर यांनी टेबलावरील यंत्रास परस्पर सर्व कार्डे लावली.' फोनचा तर उल्लेखच केला नाही, आणि शिवतेजला किंवा रांगेतल्या कुणाला साहेबांनी विचारलं नाही.

साहेबांनी ते तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे खरं आहे का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मी खिडकीकडं बघत होतो.

"व्हय," ती म्हणाली. "मीच लावली. गुरुजी तितं न्हवतं." आणि अंगठा उठवला.

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तुमची नोकरी हाय, पोरंबाळं हाईत. मला कोन काय करतंय? आन चूक माजीच हाय की. मीच म्हणलं लावा." मी मान डोलावली. बोलायला पाहिजे होतं, मान डोलावली.

कोण काय करतंय? गल्लीनं केलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. त्याहून वाईट केलं. एकेक जण येऊन आपलं कार्ड मागून नेऊ लागला. "दवाखान्यात जायचंय." "लेक आलीय, ती बघतो म्हणाली." बयाबाईनं तर नातीच्या शाळेत लागतंय अशी थाप मारली. भाभी डबा उघडायची, टिकली बघायची, कार्ड द्यायची. महिन्याभरात डबा रिकामा झाला. बायका बांगड्या भरायला पेठेतल्या दुकानात जायला लागल्या. तिच्या हातात हात द्यायला त्यांना नको वाटत असावं. कुणी तसं म्हणालं नाही.

नईम तिला महाबळेश्वरला घेऊन गेला. दोन महिन्यांत ती परत आली. का आली म्हणून विचारलं तर म्हणाली, "तितं सकाळी कुनाला हाक मारू?" इथं तरी कुणाला मारणार होती? समोरच्या घराला कुलूप. पाटी दाराआड उलटी टेकवलेली. ती उंबऱ्यावर बसायची आणि येणारा-जाणारा तिच्यासमोरून घाई असल्यासारखा जायचा. मीसुद्धा. शाळेला जायला मी वरचा रस्ता धरला.

वर्ष उलटलं. गेल्या महिन्यात मला राहवेना. अर्ज लिहिला. कार्डं मी लावली, माणूस बघितला नाही, एवढं खरं लिहिलं. फोनचं मात्र त्यातही नव्हतं. पण द्यायच्या आधी तिला दाखवावं असं वाटलं. दाखवावं म्हणजे काय, तिनं 'राहू द्या गुरुजी' म्हणावं असंच आत कुठंतरी वाटत होतं. माझ्यासारखा माणूस प्रायश्चित्तातही सोय बघतो.

ती तशीच उंबऱ्यावर होती. निम्मी झाली होती. मला बघून पदर सारखा केला. "या गुरुजी. च्या टाकू का?"

मी अर्ज वाचून दाखवला. तिनं अगदी मला पाहिजे होतं तेच सांगितलं. "आता कशाला? फाडून टाका. दगडी काय परत येनार हाय?" मग म्हणाली, "माजं येवडंच हाय. त्या सांजंला मी तुमास्नी फोन लावा म्हणलं. तुमी लावला. माज्या हातनं जेवडं हुनार व्हतं तेवडं मी केलं, आसं म्हनून मी दिस काढते. फोनवरच्यास्नीबी ठावं न्हवतं, मग काय करनार?"

म्हणजे फोनवर काय झालं ते तिला माहीतच नव्हतं. वर्षभर ती त्या फोनवर तगून होती.

अर्ज घडी घालून मी निघू शकलो असतो. तिनं काहीच विचारलं नव्हतं. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि माझ्याच्यानं झालं नाही. मी सांगितलं. शिवतेज काय म्हणाला ते सांगितलं, मी 'बरं बरं' म्हणून फोन ठेवला ते सांगितलं.

तिनं एवढंच विचारलं,

"तवा येळ व्हता?"

"होता."

"किती?"

"पाणी माळ्याला पहाटे लागलं. रात्रभर वेळ होता."

मला वाटलं ती किंचाळेल. थोबाडीत मारेल. मारावी असं वाटत होतं, देवाशपथ. तिनं उंबऱ्याला हात टेकला आणि हळूच विचारलं, "मग मला एकटीला का बसीवलं वो गुरुजी, इतकं दिस?"

ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. फोनचंही लिहून अर्ज मी दुसऱ्या दिवशी दिला. अजून मला कुणी बोलावलेलं नाही. रोज शाळा सुटली की मी खालच्या रस्त्यानं येतो आणि तिच्या दारापाशी थांबतो. आत ती असते, भांड्याचा आवाज येतो. मी हाक मारतो. ती ओ देत नाही.